चक्कीच्या कोपऱ्यापर्यंत

शालिग्रामने चालू गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवावा, तसा. हाताखाली पत्रा थरथरत होता. थरथर सरळ नव्हती. दोन ठोके, मग एक खड्डा, पुन्हा दोन ठोके, पुन्हा खड्डा. पोर्चला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी होती आणि आत मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या त्याच तालावर किणकिणत होत्या. मागे सायलेन्सरमधून काळा धूर निघून भिंतीलगतच्या कर्दळीवर बसत होता. कर्दळीची खालची पानं कधीचीच काळी झाली होती.

"बंद करा वहिनी."

ड्रायव्हरच्या सीटवर अंगाभोवती शाल लपेटून इंदूवहिनी बसल्या होत्या. त्यांनी चावी फिरवली. इंजिन लगेच ऐकेना. दोन आचके दिले, खोकलं, मग थांबलं. वाट्याही थांबल्या.

"गेलं काय इंजिन?" त्यांनी काचेतूनच विचारलं. "काल ते अभनपूरचे मास्तर आले होते, गाडी घ्यायची म्हणून पाहायले. धूर पाहून म्हणे, अम्मा, इंजन तो गया. चहा ठेवला होता, तोही नाई घेतला."

"मास्तर शाळेत शिकवते ना? मग गाडीचं काहून सांगून राह्यला?"

वहिनी हसल्या नाहीत. त्या खाली उतरल्या, गाडीचं दार हलक्या हाताने लावलं, आणि लागलं की नाही ते पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

पांढरी मारुती. नवं राज्य झालं त्याच्या तीन वर्षं आधी वहिनींच्या यजमानांनी, चारुदत्त साहेबांनी घेतली होती. मंत्रालय जुन्या रायपुरात होतं तोवर तात्यापाऱ्यातल्या या घरातून तिकडे, आणि पुढे नव्या रायपुरात गेलं तेव्हा रोज तेवढं लांब. शालिग्रामचं फाफाडीहचं गॅरेज, पण या गाडीसाठी तो स्वतः घरी यायचा. साहेबांना जाऊन या पौषात दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून गाडी फाटकाबाहेर पडली नव्हती. आता वहिनी शुक्रवारी पुण्याला निघणार होत्या, लेकीकडे, देवश्रीकडे. घर भाड्याने जाणार होतं. उरली होती गाडी.

"देवश्री काय म्हणते?"

"ती काय म्हणणार. फोनवर म्हणे, माँ, कबाड़ी को दे दो ना, टेंशन क्यों लेती हो." वहिनींनी शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "कबाडात नाई द्यायची मले, शालिग्रामभाऊ. यांले चार जणांनी उचलून नेलं. गाडी तरी आपल्या चाकानं जाऊ द्या घरातून."

शालिग्रामने मान खाली घातली आणि पिशवीतला पाना शोधू लागला. पाना त्याच्या खिशातच होता.

"खिशात पाहा," वहिनी म्हणाल्या. "केस पिकले, पण पाना कुठं ठेवला ते अजून ठाऊक नाई तुम्हाले."

त्याला खरी भीती निळ्या धुराची होती. धुराचं त्याचं शास्त्र साधं होतं, तीस वर्षांचं. पांढरा धूर म्हणजे पाणी, ऊन लागलं की जातो. निळा म्हणजे आत तेल जळतंय, रिंगा झिजल्या; तिथे गाडीचं वय संपतं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. खादाडपणा, पण मरण नाही. मात्र सकाळच्या धुक्यात काळा कुठला आणि निळा कुठला हे डोळ्यांना धड कळेना. त्याने एक धुतलेलं पांढरं फडकं काढलं, मागे जाऊन उकिडवा बसला.

"करा चालू."

गाडी आचके देत चालू झाली. फडकं धुरात धरून त्याने शंभर आकडे मोजले. मग ते बोटांत चोळलं. काजळी कोरडी होती. भुकटीसारखी झडली, बोटाला तेलकटपणा लागला नाही. शालिग्रामने श्वास सोडला.

"जिवंत आहे," तो म्हणाला. "तेल नाई जळून राह्यलं. पेट्रोल आहे, अर्धकच्चं."

"मग थरथर काहून?"

"तेही पाहतो."

बॉनेट उघडून त्याने चालू इंजिनाच्या प्लगवरची वायर एकेक करून काढली. पहिली काढली, इंजिन लंगडलं. परत लावली. तिसरी काढली, तसंच. मधली काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही. जसं थरथरत होतं तसंच थरथरत राहिलं. तीन पायांचं जनावर दोन पायांवर चाललं होतं, आणि मधला पाय नुसता लटकत होता.

गाडी बंद करून त्याने तिन्ही प्लग काढले आणि ओट्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले. तिन्ही काळे. मधला तर असा, जणू काळ्या मखमलीचा तुकडा चिकटवलाय.

वहिनी वाकून पाहू लागल्या. त्यांनी करंगळी लावली आणि करंगळीकडेच बघत राहिल्या.

"असंच धरत होती मी देवश्रीसाठी," त्या म्हणाल्या. "दिव्यावर तांब्याची वाटी पालथी घालायची. रात्रभर धरलं की सकाळी एवढं काजळ. यांनी एकदा झोपेत त्या वाटीवर हात ठेवला अन् तसेच ऑफिसले गेले, गालावर बोटं घेऊन. कोणी सांगतलंच नाई त्यांले दिवसभर."

"साहेबाले कोण सांगंल?"

"मले तर दिसलं पाहिजे होतं ना, निघताना."

त्यांनी करंगळी शालीला पुसली नाही. तशीच मुठीत धरली.

शालिग्राम तारेच्या ब्रशने प्लग घासू लागला. घासता घासता त्याला हिशेब लागेना. उभी गाडी अशी काळी पडत नाही. उभी गाडी गंजते, बॅटरी बसते, उंदीर वायर खातात. ही जळली होती, रोज थोडी थोडी.

"वहिनी, दोन वर्षं उभीच होती ना ही?"

"उभी कुठं? रोज चालू करते मी. साडेनऊले, यांच्या टायमाले. पाच मिनिटं." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "एक दिवस नाई चुकवला. ताप होता तवाही करून आली. तुम्हीच तर सांगतलं होतं."

"मी?"

"तेरवीले."

ब्रश थांबला. तेरवीच्या पंगतीतून हात धुऊन तो फाटकाशी आला होता, वहिनी दारात उभ्या होत्या, आणि काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं. लोक बोलतात तसं, काही लागलं तर सांगा, असं काहीतरी म्हणायचं होतं. नजर पोर्चकडे गेली आणि तोंडातून निघालं, वहिनी, गाडी उभी नका ठेवू, रोज पाच मिनिटं चालू करत जा. दारात काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोललेलं. घरी पोचेपर्यंत तो विसरलाही होता.

वहिनी विसरल्या नव्हत्या. सातशे सकाळी.

त्याने ब्रश खाली ठेवला. पाच मिनिटांत इंजिन नीट तापतही नाही, आणि तापल्याशिवाय काजळी जळत नाही. ते त्याला ठाऊक होतं. पण तेवढ्यानेही इतकं व्हायला नको होतं. त्याने प्लग परत बसवले आणि तो ड्रायव्हरच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"एक बार माझ्यासमोर करा. जशी रोज करता तशीच. मी काही बोलत नाई."

वहिनी बसल्या. आधी त्यांनी चप्पल काढून दाराशी ठेवली. देवघरात शिरावं तशा. मग डाव्या हाताने खालची काळी गुंडी धरून बाहेर ओढली, पूर्ण, टोकापर्यंत. चावी फिरवली. गाडी चालू झाली. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि समोर बंद फाटकाकडे पाहत राहिल्या.

शालिग्राम वाट पाहत होता. एक मिनिट गेलं. दोन. आतल्या वाट्या वाजू लागल्या, धूर कर्दळीवर लोळू लागला. वहिनींचे ओठ हलत होते; बहुतेक मिनिटं मोजत होत्या. चोकची गुंडी, थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल देणारी, जिथे ओढली होती तिथेच, बाहेर.

"वहिनी," त्याने हलकेच विचारलं, "चोक आत कवा ढकलता?"

"आत?"

त्याने हात घालून चावी बंद केली. एकदम शांत झालं. गल्लीतून भाजीवाली 'ले भाजी' करत गेली.

"मी यांले ओढतानाच पाह्यलं," वहिनी म्हणाल्या. "रोज. पायरीवरून सगळं दिसते. हे बसत, गुंडी ओढत, चावी, मग हात हलवत. की गाडी फाटकाबाहेर." त्या थांबल्या. "आत ढकलताना नाई पाह्यलं कधी."

शालिग्रामला ते चित्र दिसलं. त्याने ते पुष्कळदा आतून पाहिलं होतं, दुरुस्तीनंतर साहेबांच्या शेजारी बसून.

"ते चक्कीच्या कोपऱ्यावर ढकलत," तो म्हणाला. "गल्ली संपते तिथं. मी म्हणत होतो, साहेब, फाटकातूनच ढकला, गाडी फुकटचं पेट्रोल पिते. तर म्हणत, राहू दे रे, चक्कीपर्यंत राहू दे. हळूहळू नेत. सायकलवाले पुढं जात, एवढी हळू."

"म्हणजे मीच खराब केली."

"नाई वहिनी."

"मीच केली. सेवा समजून करत होती."

"नाई. सांगणाऱ्यानं अर्धंच सांगतलं," शालिग्राम म्हणाला आणि गाडीखाली सरकला, तेल काढायला. खाली त्याला कोणी पाहत नव्हतं. काळं तेल डब्यात पडत होतं, त्याला पेट्रोलचा वास येत होता. पूर्ण निथळल्यावरही तो थोडा वेळ तसाच पडून राहिला.

नवं तेल, नवे प्लग. चोकची तार सुकून अडत होती, तिला त्याने ग्रीस दिलं. दुपार कलायला आली तेव्हा गाडी पुन्हा चालू केली, आणि अर्ध्या मिनिटात चोक आत ढकलला. इंजिनाचा आवाज खाली आला, एका सुरात.

वहिनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. त्या लाटणं हातात घेऊनच खिडकीशी आल्या.

"बंद पडली काय?"

"चालू आहे."

त्यांनी मागे वळून मांडणीकडे पाहिलं. वाट्या गप्प होत्या.

"चला," शालिग्राम म्हणाला. "आता हिले मोकळा रस्ता पाहिजे. आतली राहिलेली काजळी तापल्याशिवाय जायची नाई. नव्या रायपुरातून चक्कर मारून आणू."

"मी कशाले?"

"धूर कोण पाहील मागं?"

धूर पाहायला कोणाची गरज नव्हती, पण वहिनी साडी बदलून आल्या. डाव्या सीटवर बसल्या, त्यांच्या नेहमीच्या. सवयीने हात खांद्यामागे गेला आणि त्यांनी पट्टा ओढून लावला. साहेबांची सक्ती होती.

शालिग्रामने बसून आरशाला हात घातला. आतला मागचा आरसा वाकडा होता, एका बाजूला कललेला. पोर्चमध्ये त्यात नुसती भिंत दिसत होती.

"हा पाहा, हा," तो म्हणाला. "भांडण होतं माझं साहेबांशी याच्यावरून. दर सर्व्हिसिंगले मी सरळ करो, अन् पुढच्या बारीले हा पुन्हा वाकडा. मी म्हणो, साहेब, मागची गाडी दिसत नाई यात, कोणी ठोकून जाईल. म्हणत, तुले दिसत नाई, मले दिसते जे पाहायचं ते."

त्याने आरसा तसाच सोडला, आधी गाडी फाटकातून काढायची होती म्हणून. गल्लीत वळला. घरं मागे जाऊ लागली, जुनी, चुन्याची, आणि मधे मधे नवी टाइल्सवाली. चक्कीच्या कोपऱ्यावर गव्हाच्या पोत्याची हातगाडी आडवी होती, म्हणून थांबावं लागलं. शालिग्रामने सवयीने वर पाहिलं.

वाकड्या आरशात गल्लीची डावी बाजू होती. मधोमध एक फाटक, फाटकात लाल पायरी, पायरीशी तुळशीची कुंडी. जणू कोणी चौकटीत बसवून दिली होती. आणखी काही नाही. मागचा रस्ताही नाही.

हातगाडी सरकली. तो निघाला नाही.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"इथून तुमची पायरी दिसते, वहिनी."

वहिनींनी वर आरशाकडे पाहिलं. त्यांच्या बाजूने त्यांना आरशात फक्त शालिग्रामचा खांदा दिसत होता. पुष्कळ वेळाने, गाडी तेलीबांध्याच्या तलावावरून पुढे गेल्यावर, त्यांनी विचारलं, "किती दिसते?"

"पूर्ण. तुळशीसकट."

पुढे रस्ते रुंद झाले. दोन्हीकडे रांगेने लावलेली झाडं, मोठ्या इमारती, आणि गाड्यांपेक्षा आकाश जास्त. शालिग्रामने वेग वाढवला. सुरुवातीला मागे काळी रेघ निघाली, मग राखाडी झाली, मग विरळ होत होत संपली. स्टिअरिंगची थरथरही गेली. वहिनींनी दोनदा मागे वळून पाहिलं.

"नाई आता धूर."

"नाई."

"इतकी वर्षं," त्या बाहेर पाहत म्हणाल्या, "मी एक दिवसही उभी नाई राह्यली त्या पायरीवर. हात हलवला की आत. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात सांगतलं होतं, बाहेर निघालेल्या माणसाच्या पाठीले डोळे लावून उभं राहू नये. त्याची वाट अडते. फाटक ओलांडलं की आपण आत वळावं. त्यांची स्कूटर होती तवापासून मी तेच करत आली. देवश्री शाळेत जाई तरी तसंच."

शालिग्रामने गिअर बदलला, गरज नसताना.

"त्यांची वाट अडू नये म्हणून," वहिनी म्हणाल्या. "अन् शेवटच्या दिवशी तर बायांनी आतच धरून ठेवलं होतं मले."

मंत्रालयाच्या अलीकडच्या चौकातून त्याने गाडी वळवली.  परत येताना गाडी गुणगुणत होती, दळता दळता एखादी बाई गुणगुणते तशी, कोणासाठी नाही, आपल्याच हाताच्या तालावर. तात्यापाऱ्यात शिरल्यावर वहिनींनी एवढंच सांगितलं, की मास्तरांना फोन करा, म्हणावं आता धूर नाही, आणि गाडी तुम्हीच नेऊन द्या अभनपूरला, दुसऱ्या कोणाच्या हातात नको.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम आला तेव्हा साडेनऊ होत आले होते. थंडी होती, काचांवर दव. वहिनींनी गाडी आतून बाहेरून पुसून ठेवली होती. डॅशबोर्डवरचा छोटा गणपती काढून घेतला होता, त्याच्या जागी गोंदाचा गोल डाग होता. पुढच्या चाकांखाली दोन लिंबं ठेवली होती, बॉनेटवर हळदीकुंकवाची दोन बोटं. नवी गाडी घरी येते तेव्हा करतात ते सगळं त्यांनी जाणाऱ्या गाडीला केलं होतं.

"आरसा सरळ करून देऊ काय मास्तरले?" शालिग्रामने विचारलं.

"तिथं पोचल्यावर करा," वहिनी म्हणाल्या. "त्यांले मागचा रस्ता दिसला पाहिजे."

"हव."

तो बसला. रात्रीच्या गारठ्याने इंजिन थंडगार होतं. त्याने चोक ओढला, चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. आतल्या वाट्या वाजल्या नाहीत. वहिनी पायरीवर उभ्या होत्या, शाल खांद्यावर, एक हात तुळशीच्या कुंडीवर.

काय म्हणावं ते आजही त्याला सुचलं नाही. त्याने नुसता हात हलवला.

चाकांखाली लिंबं फुटली. गाडी फाटकाबाहेर पडली, गल्लीत वळली. शालिग्रामने वेग दिला नाही. एक सायकलवाला पुढे गेला. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. आरशात त्याला मागची गाडी दिसत नव्हती.

लाल पायरी दिसत होती. पायरीवर वहिनी होत्या, आणि त्या आत वळल्या नव्हत्या. लहान होत गेल्या, तरी तशाच. एवढ्या लहान झाल्या की शालीचा रंगही कळेना, तरी तशाच.

चक्कीच्या कोपऱ्यावर दळणाचं पांढरं पीठ उडत होतं. शालिग्राम तिथे जेवढं थांबता येईल तेवढं थांबला. मग हात खाली नेऊन त्याने चोक आत ढकलला आणि वळण घेतलं.